चिऊचं दार

चि. मंजूस,
अनेक आशीर्वाद.

सकाळची हुतात्मा एक्सप्रेस सुटेपर्यंत तू तोंड फिरवून बसलीस. शेंगाचटणीची पिशवी वरच्या फळीवर ठेवली होती, घेतलीस ना?

चित्रं बघून मी बोललो ते जास्तच झालं. ‘पोरांच्या गोष्टीत असलं कशाला काढायचं,’ म्हणालो. त्यावर तू ऐकवलंस, पेरोच्या १६९७ च्या गोष्टीत लांडगा लाल टोपीवालीला खातो अन् गोष्ट तिथंच संपते. पोट फाडून तिला बाहेर काढणारा शिकारी ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पुस्तकातला. असेल की. मला आपली चिऊ-काऊच ठाऊक.

काम मात्र पक्कं आहे हं. जन्मभर जेकार्डचे ग्राफ भरले मी. एक घर चुकलं की चादरीवरच्या मोराची मान मोडते, त्यामुळं रेघ कळते. शेणाचं घर वाहून चाललंय, तिथला कोळसा तू बोटानं पुसून ओला केलास. मला नसतं जमलं.

पण रात्री झोप लागते ना तुला?

गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत पाळण्यात बसून हसणारी पोर हे काढते, म्हणून विचारलं. कोळशाची भुकटी नाकातोंडात जाते, तोंडाला फडकं बांधत जा. जागरणं करू नकोस. आधी नोकरीचं बघ, मग... राहू दे. पुन्हा सुरू झालं माझं.

लाइट गेली की ही गोष्ट मीच सांगायचो. ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ आलं की तू दाराकडं बघायचीस. आजी शेवटी कावळ्याला तापल्या तव्यावर बसवायची, ते मी गाळायचो. तुझ्या तिसऱ्या चित्रात तवा आहे. म्हणजे आजीनं सांगितलंच होतं.

अन् पाचव्यातलं दार आपल्या जुन्या खोलीचं आहे. कडीला सुतळी बांधलेली, ती मीच बांधली होती. बाहेरचा कावळा डावा पाय उचलून उभाय. दत्तू तसाच उभा राहायचा. त्या रात्री तू भिंतीकडं तोंड करून होतीस, मी दोनदा वाकून बघितलं. झोपली होतीस ना गं?

आई विचारतेय, फोन का उचलत नाहीस. त्या चित्राचं तिला बोललो नाही.

प्रदर्शनात ते लावायचं असेल तर लाव. मी येईन. आईला आणत नाही.

तुझे,
अण्णा