पासवर्डची वही माझ्या गल्ल्यात आहे

संपादक महोदय,

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा ही रोजची कामं. त्यासोबत आजूबाजूच्या नऊ शाळांचं युडायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती), अपार (विद्यार्थ्यांचा ओळख क्रमांक), शिष्यवृत्ती हेही माझ्याकडेच येतं. या नऊ शाळांचे लॉगिन आणि पासवर्ड माझ्या गल्ल्यात एका शंभरपानी वहीत लिहून ठेवलेले आहेत. खरं तर वहीची गरजही पडत नाही. गावाचं नाव आणि पुढे 123, यापलीकडे फारसं कोणी गेलेलं नाही. "भाऊ, तुले माहीत आहे न, टाकून दे," असं म्हणून सर बाहेर चहाला जातात.

सरांना नावं ठेवणं सोपं आहे. दोनशिक्षकी शाळा, गावात रेंज नाही, आणि 'आज सायंकाळपर्यंत माहिती भरा' हा निरोप ग्रुपवर दुपारी येतो. मग एक सर माझ्या दुकानात आणि ओटीपी येणारा मोबाइल घेऊन दुसरे सर गावच्या पाण्याच्या टाकीजवळ, कारण रेंज तिथेच सापडते. ओटीपी फोनवर ओरडून सांगितला जातो, इकडे दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं ऐकत असतात.

पण सगळंच काही रेंजच्या माथी मारता येत नाही. मागच्या महिन्यात माझी मुलगी पाठकोऱ्या कागदावर भागाकार करत होती. कागद उलटून पाहिला तर एका शाळेची चौथीची यादी. मुलाचं नाव, आईचं नाव, जात, आधार क्रमांक, बँक खातं, सगळं. चुकलेली प्रिंट मीच रद्दीत टाकली होती, आणि माझी रद्दी समोरचा भजेवाला पुड्यांसाठी नेतो. अशाच याद्या 'नाव चुकलं असल्यास कळवा' म्हणून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतात. आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत काढता येते, हे किती शाळांना माहीत आहे?

आमच्या भागातल्या एका गुरुजींना शिष्यवृत्तीच्या नावाची एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल, आली. ग्रुपवर ओळखीच्या नंबरावरून आली म्हणून उघडली. अशी फाइल मेसेज वाचायची परवानगी मागते, आपण 'हो' म्हटलं की आपले ओटीपी परस्पर तिकडे जातात. पगाराचे पैसे गेले. त्याहून वाईट म्हणजे लाजेपायी गुरुजी दोन दिवस कोणाशी बोललेच नाहीत. सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर लगेच फोन केला असता तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची काही आशा तरी होती.

मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागणारा कायदा 2023 ला झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. इकडे अपारच्या संमतीपत्रावर मी स्वतः पालक म्हणून न वाचता सही केली आहे. कापूस वेचून आलेल्या बायांकडून काय अपेक्षा करणार?

सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण झालंच नाही असं नाही. ऑनलाइन झालं. एका सरांनी माझ्याच दुकानात व्हिडिओ चालू ठेवून पोषण आहाराची माहिती भरली, आणि शेवटी प्रमाणपत्राची रंगीत प्रिंट मीच काढून दिली, दहा रुपयांत.

माझी मागणी छोटी आहे. शाळांच्या केंद्राची, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाची, जी शिक्षण परिषद भरते, तिच्यात एक दुपार यासाठी ठेवा. भाषण नको. प्रत्येकाने आपला मोबाइल काढून तिथेच पासवर्ड बदलायचा, ॲपच्या परवानग्या बघायच्या, ग्रुपवरच्या याद्या पुसायच्या. मुख्याध्यापकांसोबत स्वयंपाकी ताई आणि मदतनीसांनाही बसवा, हजेरीचे फोटो त्यांच्याही मोबाइलवरून जातात. आणि आम्हा सेवा केंद्रचालकांना विसरू नका. मला बोलावलं तर वही घेऊन येतो, सर्वांसमोर फाडतो.

एक सेवा केंद्रचालक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ