पॉम्पेई नाही, पण तेरची बाई

तीर्थरूप आई-बाबांना
साष्टांग नमस्कार.

हे खरं तर फोनवरच सांगायचं होतं. परवा दोनदा ओठांवर आलंही, पण बाबा, तुम्ही पलीकडून "हं, बोल" म्हणालात आणि मी आंब्याच्या पेट्यांची चौकशी करून फोन ठेवला. म्हणून लिहून पाठवतेय. आईला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

आपल्या जहाजाच्या सफरीतली पॉम्पेईची सहल, म्हणजे इटलीतलं ते राखेखाली गाडलेलं जुनं गाव, मी रद्द केली. शनिवारी रात्रीच. पैसे परत मिळालेत, तेव्हा तो विषय नको.

रागावण्याआधी ऐका. जहाजाच्या यादीत प्रत्येक सहलीपुढे सोपी, मध्यम, अवघड अशी खूण असते. तुमच्या वहीतलं पान दादानं मला फोटो काढून पाठवलं होतं. पॉम्पेईपुढच्या 'मध्यम'खाली तुम्ही रेघ मारलीय आणि बाजूला लिहिलंय, 'चालेल'. बाबा, मध्यम म्हणजे कोणाला मध्यम, हे त्या यादीत लिहिलेलं नसतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिथं जाऊन आलो, तेव्हाचे फोटो तुम्ही पाहिलेत. पण फोटोत रस्त्याचे दगड कळत नाहीत. घागरीच्या बुडासारखे गोलसर, मोठमोठे दगड, त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या, आणि रस्ता ओलांडायला मध्येमध्ये ठेवलेले गुडघ्याएवढे धोंडे. पदपथाची कड इतकी उंच की मीच दोनदा हात टेकून चढले. सगळं गाव सहासष्ट हेक्टरांचं, त्यातलं दोन तृतीयांश उकरलेलं. सावली म्हणाल तर भिंतीला चिकटून उभं राहिलात तरच. आईचा उजवा गुडघा बदलून अजून वर्ष झालेलं नाही.

"उस्मानाबादच्या माणसाला उन्हाचं काय सांगतेस" असं तुम्ही म्हणणार. (धाराशिव म्हणायला तुम्ही अजून तयार नाही, माहितेय.) आणि मग म्हणाल, तिथं चाकाच्या खुर्च्यांसाठी वेगळा सपाट मार्ग केलाय. केलाय, मी पाहिला, तोही तीन किलोमीटरच्या वर आहे. शेजारचं हर्क्युलेनियम लहान आहे, ते का नाही? ते आजच्या गावाच्या पातळीच्या बरंच खाली आहे. उतरताना मजा वाटते, येताना तेवढाच चढ. सगळं बघून झालंय, बाबा. पंधरा दिवस मी रात्री हेच करत होते.

खरं कारण दगड नाहीत, हेही लिहूनच टाकते. नोव्हेंबरात दादाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात होते. तिकीट मिळून श्टुटगार्टहून घरी पोहोचेपर्यंत तुमची अँजिओप्लास्टी होऊन तुम्ही उशीला टेकून पेपर वाचत होतात. मला बघून म्हणालात, "कशाला आलीस एवढ्या लांबून?" त्या प्रवासात मला काय काय सुचलं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. पुन्हा तसा जिना नको मला. एवढंच.

आणि पॉम्पेई तुमच्यासाठी काय आहे हे मला कळत नाही असं समजू नका. आठवीत तुम्ही फळ्यावर व्हेसुव्हियस, म्हणजे पॉम्पेई गाडणारा तो ज्वालामुखी काढायचात, लाल खडूनं. इ. स. 79 हा आकडा त्याच्या पोटात लिहायचात. मी तिसऱ्या बाकावर बसायचे आणि शाळेत तुम्हाला 'सर' म्हणावं लागायचं याचा मला फार राग होता. तो डोंगर तेव्हा मला परंड्याच्या वाटेवर कुठेतरी असेल असं वाटायचं, इतका तुम्ही तो जवळचा करून सांगायचात.

म्हणून नेपल्सचा दिवस मी वाया घालवलेला नाही. त्या दिवशी आपण तेरच्या बाईला भेटायला जाणार आहोत.

पॉम्पेईत 1938 साली सापडलेली ती वीतभर हस्तिदंती मूर्ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. आधी तिला लक्ष्मी म्हणाले, आता यक्षी म्हणतात. दोन्ही बाजूंना दोन दासी, हातात शृंगाराचे डबे, आणि बाईच्या डोक्यातून आरपार खाली गेलेलं भोक, म्हणजे कशाचा तरी दांडा किंवा पाय असावा ती. 79च्या राखेखाली ती सापडली, म्हणजे त्याआधीच आपल्याकडून निघून समुद्रापार पोहोचलेली. हे सगळं मी तुम्हाला सांगतेय, म्हणजे काजव्यानं सूर्याला. तुम्हीच तर दरवर्षी सहावीच्या पोरांना एसटीनं तेरला न्यायचात, आधी गोरोबाकाकांच्या पाया पडायला आणि मग लामतुरे संग्रहालयात. तिथली हस्तिदंती बाहुली दाखवून म्हणायचात, "हिची बहीण इटलीत आहे." पोरं हसायची. मीही हसायचे. भोकरदनलाही तशाच घडणीची सापडलीय, तेव्हा ती भोकरदनची की तेरची, यावर तुमचं आणि जालन्याच्या काकांचं दर दिवाळीला वाजायचं. काकांनी एकदा मूर्तीच्या बुडावरच्या खरोष्ठी, म्हणजे वायव्येकडच्या जुन्या लिपीतल्या, अक्षराचा मुद्दा काढला, म्हणजे दोघांचंही गाव गेलं आणि ती पार वायव्येकडची झाली. त्या दिवशी तुम्ही फराळ न करताच उठलात. या वेळी समोर उभं राहून ठरवा काय ते.

मंगळवारी ते संग्रहालय बंद असतं. म्हणून मी अशी फेरी निवडली की नेपल्स बुधवारी येईल. त्यासाठीच तिकिटं आठवडाभर पुढे ढकलली होती. आई, तू विचारत होतीस ना, आधीच्या आठवड्यात काय वाईट होतं? हे होतं.

फक्त एक अडचण आहे. ती मूर्ती ठेवलीय 'गॅबिनेत्तो सेग्रेतो'त, म्हणजे गुप्त दालनात. पॉम्पेईत सापडलेल्या शृंगारिक वस्तू आणि चित्रं तिथं आहेत. पूर्वी ते कुलूपबंद असायचं, 2000 सालापासून सगळ्यांना खुलं झालं. बाबा, हा परिच्छेद तुम्ही हळू आवाजात वाचला असणार. आई, तू सरळ मूर्तीपाशी जाऊन बघ, इकडेतिकडे बघू नकोस. किंवा बघ. मी तोवर बाहेर थांबते, मला तुमच्याबरोबर आत यायची अजिबात हिंमत नाही.

नेपल्सचं बंदर अगदी गावातच आहे, समोर किल्ला. टॅक्सीला ठरलेला दर असतो, पण बसण्याआधी तोच दर मागावा लागतो. ते मी बघेन. संग्रहालयात लिफ्ट आहे. पॉम्पेईतली बरीचशी भित्तिचित्रं आणि रंगीत खड्यांच्या फरशा मुळात तिथंच आणून ठेवल्यात, म्हणजे गाव नाही तरी गावातलं सामान तुम्ही बघालच. आणि व्हेसुव्हियस? तो सकाळी डेकवरून दिसेल. पहाटे उठायचं तुमचं वेड या एका दिवशी उपयोगी पडेल. मी चहा घेऊन वर येते. लाल खडू आणू का?

त्या रात्री जहाज मेसिनाकडे निघतं. वाटेत स्ट्रॉम्बोली बेट लागतं, तोही जागा ज्वालामुखी, अंधारात त्याच्या तोंडाशी लाल ठिणग्या दिसतात. जहाज किती जवळून जाईल त्यावर सगळं अवलंबून, म्हणून कबूल करत नाही. नाही दिसला तर माझ्यावर रुसायचं नाही.

बाकीच्या बंदरांचं थोडक्यात. बार्सिलोनाला आपण दोन रात्री आधी पोहोचतोय, विमान लेट झालं तर जहाज थांबत नाही म्हणून. सग्रादा फामिलियाची वेळ घेतलीय, मनोरे घेतले नाहीत, कारण वर लिफ्ट नेते आणि उतरायला लावतात जिन्यानं. मार्सेलीला बंदर गावापासून लांब आहे. बसनं जुन्या बंदरावर जायचं आणि तिथून छोट्या रबरी चाकांच्या गाडीनं टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्दला. आई, हे तुला आवडणार. दर्यावर्दी लोकांनी नवस फेडताना दिलेली छोटी छोटी जहाजं आत छताला टांगलेली आहेत, आपल्याकडे पाळणे बांधतात तशी. शेवटी पायऱ्या आहेत. नाही जमल्या तर खालून नमस्कार कर, तुळजापूरला गर्दीत कळसाला करतेस तसा.

जेनोवाला उतरायचं नाही. बाबांनी कोलंबसासाठी जेनोवा लिहिलंय, मी खोडलं. दुसऱ्या दिवशी नेपल्स आहे आणि बंदराच्या दिवशी सगळे उतरले की जहाज इतकं शांत होतं की तोच खरा आराम. आईनं गरम पाण्याच्या टाकीत पाय सोडून बसायचं, तुम्ही पेपर नाही म्हणून कुरकुरायचं.

मेसिनाहून एटना ज्वालामुखी आणि डोंगरावरचं ताओर्मिना गाव, दोन्ही काढलं. घाटातली बस, आणि आईला तुळजापूरच्या घाटातसुद्धा लिंबू लागतं. त्याऐवजी बंदरापासून दहा मिनिटांवर कथीड्रल आहे, त्याच्या मनोऱ्यात मोठं घड्याळ. दुपारी बाराला त्यातला सोनेरी सिंह डरकाळी फोडतो आणि कोंबडा आरवतो. साडेअकराला समोर खुर्च्या धरून बसायचं. 1908च्या भूकंपात ते सगळं शहर कोसळलं होतं, नंतर बांधलंय. किल्लारीच्या वेळी आपण अंगणात झोपायचो ते तुम्हाला तिथं आठवणार, मला आत्ताच आठवलं. मी तेव्हा बाबांच्या धोतराचं टोक मुठीत धरून झोपायचे.

माल्टाला जहाज आत शिरतं तेव्हा दोन्ही बाजूंनी तटबंदी. बाबा, नळदुर्ग पाण्यात उभा केल्यासारखा. चढायला अठ्ठावन्न मीटरची लिफ्ट आहे, वर बाग, आणि बाराला तोफ उडते. आई, दचकू नकोस, सलामीची असते.

आता सूचना. दोघांनीही ऐकायच्या, आणि 'हो हो' म्हणून विसरायच्या नाहीत.

औषधं हातातल्या पिशवीत. मोठी बॅग बंदरावर घेऊन जातात आणि खोलीत संध्याकाळपर्यंत येते. शेवटच्या रात्री तर बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, मागच्या वेळी आमच्याबरोबरच्या एका काकांनी त्यात रात्रीची गोळी आणि सकाळची पँट दोन्ही ठेवली होती. गोळ्या पाकिटासकट आणा, सुट्या डबीत भरून नको. डॉक्टरांची चिठ्ठी मूळ औषधाच्या नावानं लिहून घ्या. बाबा, ती जिभेखालची गोळी शर्टाच्या वरच्या खिशात. बंडीच्या नाही, शर्टाच्या.

जहाजाचं कार्ड गळ्यात. जहाजाचीच सहल असेल आणि उशीर झाला तर जहाज थांबतं, आपली आपण गेलो तर थांबत नाही. म्हणून तास-दीड तास आधी परत. "पाच मिनिटांत काय होतंय" हे वाक्य या आठवड्यात बंद. समुद्रात फोन विमान मोडवर, नाहीतर दादाला "जेवलास का" विचारल्याचे हजारो रुपये लागतील.

खाण्याची काळजी करू नका. रोज वरण-भात मिळेलच असं नाही, पण भात, दही, भाजी, फळं भरपूर. शाकाहाराचं मी कळवून ठेवलंय. आई, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आण, धपाटे दोन दिवसांचेच. खोलीतलं काही खायचं बंदरावर उतरवायचं नाही, सफरचंदसुद्धा नाही.

विमानतळावर मी चाकाची खुर्ची सांगितलीय. दोन सांगितल्यात. बाबा, दुसरी आईच्या सोबतीला आहे असं समजा. तिला एकटीला खुर्चीत बसायला संकोच वाटतो, तुम्हीच म्हणाला होतात. नळदुर्गच्या चढावर तुम्ही मला खांद्यावर घेतलं होतं, तेव्हा मी सात वर्षांची होते आणि चालू शकत होते. तरी घेतलंत ना?

वहीतलं ते पान फाडू नका. येताना घेऊन या. नेपल्सच्या रांगेत उभे राहू तेव्हा मला त्यातलं सगळं पुन्हा वाचून दाखवा, एटनासकट.

दादाला व्हेसुव्हियसचं सांगू नका, तो मला चिडवेल.

तुमची
छकुली

ता. क. आई, ती छोटी विजेची किटली बॅगेत आहे हे मला दादानं सांगितलंय. जहाजावर चालत नाही, दारातच काढून घेतात. काढ ती. चहाची पूड आणि सुंठ तेवढी ठेव, उकळतं पाणी वर कधीही मिळतं.