पोषणाचा पुरस्कार फायलीला की बाईला?

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या तालुक्याच्या पानावर पोषण माहातल्या पुरस्कारांची बातमी वाचली. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र, मागे मोठा फ्लेक्स, सगळं नेहमीसारखंच. ज्या अंगणवाडी सेविकांना पुरस्कार मिळाला त्यांचं मनापासून अभिनंदन, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मी स्वतः सव्वीस वर्षं मुख्यसेविका म्हणून बीट, म्हणजे गावोगावच्या अंगणवाड्यांचा एक गट, सांभाळलंय, असे प्रस्ताव माझ्याच सहीने वर गेलेत, म्हणून आता रिटायर झाल्यावर तरी खरं लिहावं म्हटलं.

प्रस्ताव कसा जातो सांगते. वरून पत्र येतं, दोन दिवसांत नावं कळवा. मग कोणाची फाईल तयार आहे ते बघायचं. गृहभेटींचे फोटो, पाककृती स्पर्धेचे फोटो, रॅलीचे फोटो, हात धुण्याच्या कार्यक्रमाचे फोटो, रजिस्टर टापटीप, पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर एंट्री वेळेवर. २०२१ ला ते अ‍ॅप आल्यापासून तर ज्या गावात रेंज चांगली तिथली सेविका चांगली असं होऊन बसलंय, हे मी गमतीने म्हणत नाही.

माझ्या बीटमध्ये एक सेविका होती. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. अक्षर बेताचं, फाईल कायम अर्धवट, मीटिंगला आली की मागच्या रांगेत बसायची, आणि मी तिला चारचौघांत बोललेय पण त्यावरून. तिच्या पाड्यावर मात्र सहा महिने पूर्ण झालेल्या पोराला आई वरणाचं पाणी पाजत नव्हती. बाकी सगळीकडे हाच प्रकार असतो बघा, वरणावरचं निवळ पाणी काढायचं, ते बाळाला पाजायचं आणि डाळ आपण खायची, वर म्हणायचं बाळ दोन वाट्या खातं तरी अंगाला लागत नाही. ही बाई काय करायची, दुपारी जेवणाच्या वेळेलाच घरात जायची, चुलीपाशी बसायची, तिथलाच भात न् डाळ वाटीत कुस्करायची, वर तेलाचा चमचा घालायची आणि चमचा तिरका करून दाखवायची, ओघळलं तर पातळ, चिकटून राहिलं तर बरोबर. बस्स, एवढंच, ना पोस्टर ना व्हिडिओ. आणि ती सुनेशी कमी, सासूशीच जास्त बोलायची, कारण घरात कोणाचं चालतं ते तिला ठाऊक होतं. पहिला चीक, म्हणजे बाळंतिणीचं पहिलं दूध, काढून टाकायचा हे सासूच सांगते, गरोदरपणात कमी खा नाहीतर बाळ मोठं होऊन बाळंतपणाला अडेल हेही सासूच सांगते. सासू एकदा वळली की सून आपोआप वळते.

तिचं नाव मी एकदाही पाठवलं नाही. फोटोच नव्हते ना! जेवणाच्या वेळी चुलीपाशी कोण फोटो काढणार.

ज्यांचं नाव पाठवलं त्यातल्या एकीच्या पाककृती स्पर्धेला मी परीक्षक होते. पहिला नंबर आला काजू, बदाम, खजुराच्या लाडवाला, वरून चांदीचा वर्ख. दिसायला सुंदर, खायलाही छान, पण त्या वस्तीत काजू घेणारं घर कुठलं? आणि कार्यक्रम संपल्यावर आलेल्या लहान पोरांना वाटलं काय, तर बिस्किटाचे पुडे. आम्हीच वर्षभर सांगायचं की पोराला चहा-बिस्किट देऊ नका, पोट भरतं पण पोषण होत नाही, आणि आमच्याच स्टेजवरून पुडे वाटायचे. तेव्हा मी काही बोलले नाही, टाळ्या वाजवल्या.

लोकांना वाटतं अंगणवाडी म्हणजे खिचडीचं वाटप. १९७५ ला २ ऑक्टोबरला देशात ३३ ठिकाणी ही एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून तिच्यात सहा सेवा आहेत आणि पोषण-आरोग्य शिक्षण ही त्यातली एक, १५ ते ४५ वयाच्या बायकांसाठी. बाकीच्या पाच मोजता येतात, किती पाकिटं वाटली, किती लसी झाल्या, किती वजनं घेतली. शिक्षण मोजायचं कसं हे कोणी ठरवलंच नाही, म्हणून मग आपण बैठका मोजतो आणि फोटो मोजतो. निकाल काय लागलाय तेही बघा, २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी फक्त ११ टक्के निघाली. आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी, आणि त्याआधीच्या पाहणीतही आकडा जवळपास तेवढाच होता. यात गरिबी आहेच, नाही कोण म्हणतंय, एकट्या सेविकेच्या डोक्यावर हे खापर फोडायचं नाही. पण डाळ घरात असूनही पोराच्या वाटीत पाणीच जातं ते तर शिकवण्याने बदलतं, मी बघितलंय.

आणि मोजता येत नाही असंही नाही हो. २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार चार जणांना मिळाला, त्यातल्या तिघांचं काम नारिंगी गराच्या रताळ्याचं. आफ्रिकेत मोझांबिक, युगांडा वगैरे भागात लोक पांढरं रताळं खायचे आणि मुलांमध्ये अ जीवनसत्त्वाची कमतरता फार. त्यांनी नारिंगी रताळ्याचे वेल वाटले पण नुसते वाटून मोकळे झाले नाहीत, आयांना ते पोराला कसं भरवायचं ते शिकवलं, आणि मग मुलांच्या रक्तात अ जीवनसत्त्व वाढलं का ते तपासलं. वाढलं होतं. म्हणजे तिथे आधी पोराकडे बघितलं, पुरस्कार नंतर आला.

आपण रक्त नको तपासायला, तेवढं कोण करणार. पण ज्या सेविकेचं नाव आलंय तिच्या गावात न सांगता जेवणाच्या वेळी पाच घरांत जायचं, सात-आठ महिन्यांचं पोर असलेल्या घरात, आणि वाटीत काय आहे ते बघायचं, इतकं तरी करता येईल की नाही? आईला विचारायचं हे तुला कोणी सांगितलं. मग सहा महिन्यांनी परत त्याच घरांत जायचं. बाहेरच्या तालुक्याची मुख्यसेविका पाठवा, म्हणजे आपली-तुपली होणार नाही. फाईल बघूच नका असं मी म्हणत नाही, शेवटी बघा.

राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याची ही बाई, घरात नातू सारखा आजारी पडायला लागला म्हणून गावरान बियाण्यांच्या मागे लागली, परसबागा लावायला बायकांना शिकवलं, २०२० ला पद्मश्री जाहीर झाली. त्यांना जर आमच्या तालुक्याच्या पुरस्काराचा फॉर्म दिला असता तर पहिल्याच छाननीत बाद झाल्या असत्या. आणि अंगणवाडी हा शब्द ज्या ताराबाई मोडकांनी दिला त्या तर मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांना सोबत घेऊन आयुष्य काढलं. घरात जाऊन शिकवायचं ही रीत आपल्याकडचीच आहे, बाहेरून आणायची गरज नाही.

अजून एक राहिलंच. मदतनीस. गरम आहार शिजवते ती, पोरांना घरून आणते ती, कुठलं पोर काय खात नाही हे सेविकेच्या आधी तिला कळतं. बातमीत तिचं नाव नव्हतं, फोटोत कडेला एक हात दिसतो, बहुतेक तिचाच असावा.

साहेब, पुढच्या वेळी अशी बातमी आली तर वार्ताहराला स्टेजचा फोटो झाल्यावर त्या गावात पाठवा, दुपारी बाराच्या सुमाराला. दोन घरांत बसू दे. जे दिसेल ते छापा, चांगलं असेल तर चांगलं.

आपली नम्र,
एक निवृत्त मुख्यसेविका
(नाव छापू नये, विनंती)