‘देव पाहून घेईल’ हे कोणी म्हणायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात गेलेल्या सांगली-मिरजेच्या पोरांवर तुमच्या पेपरात मागे पुरवणी आली होती, ती मी दोनदा वाचली. कोण जर्मनीत गाड्यांचं डिझाईन करतंय, कोण दुबईत हॉटेल चालवतंय, आयटीवाल्यांची तर रांगच होती, सगळ्यांचं कौतुकच आहे, आपल्याच गावची पोरं. पण वाचता वाचता वाटलं की एक प्रकार राहूनच गेला. कमी पगारावर किंवा नुसत्या राहण्याजेवणावर प्रभूचं काम म्हणून बाहेर जातात ती माणसं. माझी धाकटी लेक तशी गेलीय, म्हणून हे पत्र. लांबलं तर काटछाट करा, पण मधलं पैशाचं तेवढं राहू द्या, ते कोणीतरी लिहायलाच पाहिजे होतं.

मी मिरजेची. 34 वर्षं नर्सिंग करून रिटायर झाले. लेक पण नर्स, एमएससी झाली, इथं चांगली नोकरी होती, लग्नाचं बघत होतो, आणि 2022 च्या जूनमधे ती मलावीला गेली, तिथल्या एका मिशन हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत शिकवायला. मलावी कुठंय ते मलाही नातवाच्या अ‍ॅटलासमधे शोधायला लागलं, आफ्रिकेत टांझानिया, झांबिया आणि मोझांबिकच्या मधे एक लांबुडकी पट्टी आहे आणि तिच्या कडेनं प्रचंड मोठा तलाव.

आता मिशन म्हणलं की पहिला प्रश्न धर्मांतराचा येतो, शेजारच्या वहिनींनी पण विचारला, हसत हसत पण विचारला. तर सांगते, मलावीत बहुतेक लोक आधीपासूनच ख्रिस्ती आहेत, 1875 पासून स्कॉटलंडचे मिशनरी तिथं आले, आजची मंडळी (म्हणजे चर्च) सगळी तिथल्याच लोकांची आहे, पाळक (म्हणजे पास्टर) त्यांचेच, गाणी त्यांचीच. माझी पोरगी कोणाला बाटवायला गेलेली नाही. दिवसा शिकवते, वॉर्डात उभी राहते आणि संध्याकाळी चार विद्यार्थिनी तिच्या खोलीत बायबलमधलं मार्काचं शुभवर्तमान वाचायला बसतात. चार म्हणजे चारच, त्यातली एक झोपा काढते. आमच्यात याला शिष्यत्व म्हणतात. भाषण ठोकून निघून यायचं नाही, माणसाबरोबर बसायचं, त्याच्या घरच्या अडचणी ऐकायच्या, आपल्या त्याला कळू द्यायच्या, आणि उद्या त्यानं असंच दुसऱ्या कोणाबरोबर बसावं इथपर्यंत त्याला न्यायचं. याला वर्षं लागतात, आणि फोटो काढायजोगं त्यात काही नसतं.

ती निघाली तेव्हा निरोप समारंभ झोकात झाला. शाल, गुच्छ, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, महिला मंडळानं गीत म्हणलं, शेवटी बटाटेवडा आणि पेढे. माझ्या डोळ्यांना धार लागली होती हे पण खरं. मग अकरा महिन्यांनी चर्चच्या पायऱ्यांवर एका वडिलांनी (म्हणजे मंडळीच्या पंचांपैकी एकांनी, आमच्यात त्यांना वडील म्हणतात) मला गाठलं, म्हणाले, काय मग सिस्टर, किती झाले? मी म्हणलं किती काय? म्हणाले, आत्मे हो, म्हणजे किती जण ख्रिस्ती झाले, रिपोर्टमधे टाकायला पाहिजे.

कारखान्याचं गाळप विचारतात ना, आजअखेर किती टन, तसं.

त्या वडिलांना आफ्रिकेत गेलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं नाव नक्की माहितीय, शब्बाथशाळेत (रविवारच्या बायबलच्या शाळेत) सगळ्यांनी ऐकलेलं असतंय. त्याच लिव्हिंग्स्टननं 1848 मधे सेचेले नावाच्या एका टोळीप्रमुखाला बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा विधी) दिला, आजचा बोट्सवाना आहे ना, तिकडं. त्यानंतर वर्षभरातच सेचेले घसरला, बाप्तिस्म्यासाठी सोडून दिलेल्या बायकांपैकी एकीला त्याच्यापासून दिवस गेले, लिव्हिंग्स्टननं त्याला प्रभूभोजनातून (चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीतून) बंद केलं आणि पुढं निघून गेला. वडिलांच्या हिशेबात एक, आणि तो पण बाद! पण त्या सेचेलेनं नंतर आपल्या लोकांना वाचायला शिकवलं, स्वतः उपासना चालवल्या, आसपासच्या लोकांपर्यंत सुवार्ता नेली. आता हे कुठल्या रिपोर्टच्या कुठल्या कॉलमात टाकायचं सांगा.

तो प्रश्न मी गिळला. पैशाचं मात्र गिळता आलं नाही.

मंडळीनं ठरवलं होतं की तिच्या इन्शुरन्ससाठी आणि येण्याजाण्याच्या तिकिटासाठी दर महिन्याला ठराविक रक्कम बाजूला काढायची. ठराव झाला, मिनिट्स लिहिले गेले. चार महिने पैसे निघाले, पाचव्या महिन्यात चर्चच्या हॉलची फरशी काढली आणि पैसे तिकडं वळले. मी खजिनदारांना विचारायला गेले, भांडायला नाही, खरंच विचारायला. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, ताई, ती विश्वासानं गेलीय ना, देव पाहून घेईल.

संपादक साहेब, त्या रात्री मला झोप आली नाही. वाक्य चुकीचं आहे का? नाही. माझी पोरगी स्वतः हेच म्हणते, रोज म्हणते, त्याच जोरावर ती तिथं उभी आहे. पण जो जातो त्यानं ते म्हणणं वेगळं आणि ज्यानं पाठवलं त्यानं खिशाला बटण लावत म्हणणं वेगळं. पहिल्यानं म्हणलं तर तो विश्वास. दुसऱ्यानं म्हणलं तर मी त्याला बिल टाळणं म्हणते, रागावलं कोणी तर रागवू दे.

आमच्या बऱ्याच घरांत भिंतीवर एक वचन असतंय, गरुडाच्या चित्रावर छापलेलं, बायबलमधल्या पौलाच्या पत्रातलं, फिलिप्पैकरांस 4:13, मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे. माझ्या हॉलमधे पण आहे, कॅलेंडरशेजारी. हे पौलानं लिहिलं तेव्हा तो कैदेत होता. पण त्याच्या पुढचंच वचन, चौदावं, कोणी छापत नाही. त्यात पौल म्हणतो की तरी माझ्या अडचणीत तुम्ही वाटा उचलला हे बरं केलं, आणि मग नावानिशी सांगतो, मी मासेदोनियातून निघालो तेव्हा तुमच्याशिवाय कुठल्याच मंडळीनं देण्याघेण्यात भाग घेतला नाही, थेस्सलनीकात असताना तुम्ही एकदा सोडून दोनदा पाठवलंत. म्हणजे देवाच्या सामर्थ्याचं एवढं मोठं वाक्य त्यानं लिहिलं ते पैसे पोचल्याच्या पावतीतच लिहिलं की! तेरावं वचन भिंतीवर लावायचं आणि चौदावं खजिनदाराच्या वहीत पण नाही, याला काय म्हणायचं.

साताऱ्याचे लोक म्हणतील, आमचे टिळक बघा. बरोबर, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 ला मिशनच्या नोकरीवर पाणी सोडलं, संन्यास घेतला आणि साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला, बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळे ख्रिस्ताचे शिष्य एकत्र, पगार नाही, देवाच्या भरवशावर. दोनच वर्षं मिळाली त्यांना, 1919 ला गेले. पण तो निर्णय टिळकांचा होता. कोणी त्यांचा पगार अडवून, जा, देव बघेल, असं सांगितलं नव्हतं. (आणि त्या दोन वर्षांत घर कसं चाललं हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना विचारायला पाहिजे होतं, त्यांनी सरळ सांगितलं असतं.)

दुसऱ्या टोकाचे पण असतात, ते पण सांगते. तरुण संघातला एक पोरगा परदेशात दोन महिन्यांच्या सेवेला निघाला होता, मला म्हणाला, मावशी, मी मलेरियाच्या गोळ्या घेणार नाही, माझा भरवसा देवावर आहे. मी म्हणलं, बाळा, डास बायबल वाचत नाही. गोळ्या घे, मच्छरदाणी घे, आणि भरवसा पण घेऊन जा, बॅगेत जागा आहे. मिरजेत तरी हे सांगायला लागू नये. डॉ. वानलेस 1889 ला इकडं आले, 1894 ला त्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं, 1897 ला त्यांनी इथं मेडिकल स्कूल काढलं, इथल्याच पोरांना डॉक्टरकी शिकवायला. देवावर भरवसा होता म्हणून शिकवणं टाळलं नाही त्यांनी. आम्ही मिशन दवाखान्यात शिकलो तेव्हा पण ऑपरेशनच्या आधी प्रार्थना व्हायची आणि प्रार्थनेच्या आधी हात कोपरापर्यंत धुवायचे, ब्रशनं, घड्याळ लावून. कुठलं एक सोडून चालायचं नाही.

आता कॉलऱ्याचं सांगते.

मलावीत 2022 च्या मार्चमधे कॉलरा सुरू झाला आणि पुढच्या वर्षीच्या पावसात भडकला (त्यांचा पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल असतो), त्या साथीत 1,700 हून जास्त माणसं गेली. 2023 चा जानेवारी, रात्री साडेबाराला व्हॉट्सअ‍ॅप कॉल आला. लाईट नव्हती तिच्याकडं, मोबाईलच्या उजेडात फक्त नाक आणि कपाळ दिसत होतं. म्हणाली, आई, मला जमत नाहीये. मी लगेच नर्स झाले. दोन्ही हातांना जाड सुई लाव, आरएलचं सलाईन जोरात सोड, लघवी मोज, शुद्धीवर आहे त्याला ओआरएस सुरू कर. ती म्हणाली, आई, हे सगळं मी शिकवते गं. मग गप्प बसली. तिच्या हातांची सालं निघाली होती क्लोरीनच्या पाण्यानं, ती दाखवली. त्या दिवशी एक बाई दोन पोरांना घेऊन आली होती, त्यातलं एकच परत गेलं.

मी प्रार्थना करायला लागले आणि नेटवर्क गेलं.

पुढचं तिनं दोन दिवसांनी सांगितलं. वॉर्डाच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी ती बसून राहिली होती, आणि त्या चार पोरींपैकी जी मार्काच्या शुभवर्तमानात झोपा काढते ती तिथं आली, काही न बोलता तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि चिचेवा भाषेत प्रार्थना करायला लागली. लेकीला तेव्हा भाषा फार येत नव्हती, दोनच शब्द कळले, मुलुंगु म्हणजे देव आणि झिकोमो म्हणजे आभार. असल्या रात्री आभार कशाचे मानले ते तिनं अजून त्या पोरीला विचारलेलं नाही. मग दोघी उठल्या आणि वॉर्डात गेल्या. थकवा गेला नव्हता, साथ थांबली नव्हती, लाईट पण आली नव्हती.

तिथं शिकवायला कोण गेलं होतं आणि कोणी कोणाला उभं केलं? वडिलांना हे सांगितलं तर ते विचारतील, मग ही कोणाच्या खात्यात धरायची?

कॉलरा म्हणलं की मला गॉर्डन हॉल आठवतो. अमेरिकेतनं मुंबईला आलेल्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी, 1813 ला आला, मराठी शिकला, तेरा वर्षं घासली आणि हाताशी आलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. 1826 च्या मार्चमधे नाशिककडं फिरतीवर गेला तर तिथं कॉलऱ्यानं थैमान घातलेलं, जवळची औषधं वाटली, आणि परतीच्या वाटेवर त्यालाच गाठलं. 41 वर्षांचा होता. त्यानं काय मिळवलं विचाराल तर मला सांगता येणार नाही, पण तो आला नसता आणि त्याच्यामागून बाकीचे आले नसते, तर मी आज कुठल्या वहीत माझं नाव शोधलं असतं कोण जाणे.

खजिनदारांच्या त्या वाक्यानंतर मी महिनाभर तणतणत होते. मग मिझोराममधली एक जुनी रूममेट फोनवर म्हणाली, तुम्ही लोक ठराव फार करता. त्यांच्याकडं 1910 पासून बायका प्रत्येक वेळी भात लावताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात, तो चर्चला जातो, विकतात आणि त्यातनं कामाला पैसे उभे राहतात. मिझोरामात पहिले मिशनरी पोचले 1894 ला, म्हणजे आमचं मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं त्याच साली. सोळा वर्षांत घेणारे देणारे झाले, आणि आज त्यांची माणसं बाहेर कुठं कुठं कामाला आहेत. आणि आम्ही? शंभर वर्षं घेऊन झालं, अजून फरशीच बसवतोय.

तर मागच्या नाताळपासून आम्ही सात बायकांनी डबे ठेवलेत. मंडळीचा ठराव नाही, कोणाची परवानगी नाही. माझा डबा जुना डालड्याचा आहे. महिन्याच्या शेवटी सगळ्यांचा तांदूळ एकत्र करतो, त्यात कोणाचा आंबेमोहोर, कोणाचा इंद्रायणी, कोणाचा रेशनचा, भात तर होणारच नाही त्याचा नीट. पण एक खानावळवाली बाई तो इडली-घावनाला घेते आणि भाव पाडून मागत नाही. पहिल्या महिन्यात 1,140 रुपये आले. विमानाच्या तिकिटाला ते कुठं पुरणार, पण लेकीला कळवलं तर ती व्हॉइस मेसेजमधे नुसती रडली, चाळीस सेकंद, शब्द एकच, झिकोमो.

खजिनदारांच्या मिसेस गेल्या महिन्यात आठवा डबा घेऊन आल्या. त्यांना मी काही विचारलं नाही.

तर संपादक साहेब, पुढच्या वेळी अशी पुरवणी काढाल तेव्हा एक कोपरा या लोकांना पण द्या, एवढंच मागणं. सांगली, सातारा, कोल्हापूर, शोधलीत तर अशी बरीच घरं सापडतील. लेकीचा चांगला फोटो मात्र मागू नका, माझ्याकडं एकच आहे, विद्यार्थिनींनी काढलेला, वॉर्डात बादलीत पोछा पिळताना, आणि त्यात ती पाठमोरी आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज