जुने गेम चालतील असे लेखी देऊन विकलेल्या कन्सोलबाबत तक्रार

नागपूर
दिनांक : ९ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय : सीताबर्डी शाखेने चुकीची माहिती देऊन केलेली विक्री आणि एक्स्चेंजमध्ये घेतलेला पीएस थ्री (प्लेस्टेशन ३) परत मिळण्याबाबत

महोदय,

अक्षय तृतीयेच्या दिवशी, ३० एप्रिलला, तुमच्या सीताबर्डी शाखेतून मी प्लेस्टेशन ५ हा टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल घेतला. डिस्क ड्राइव्ह असलेला, छापील किंमत ५४,९९० रुपये. एक्स्चेंज योजनेत माझे याच घराण्यातले जुने कन्सोल, पीएस थ्री आणि पीएस फोर, दोन्ही तुम्ही जमा करून घेतले. पीएस थ्रीचे दीड हजार रुपये धरले. एवढ्या जुन्या यंत्राला याहून जास्त कोण देणार, त्यामुळे रकमेबद्दल माझी तक्रार नाही.

खरेदीआधी मी एकच गोष्ट विचारली होती. घरी पीएस थ्रीच्या डिस्कने भरलेला एक अख्खा कप्पा आहे, त्या यावर लागतील का? तुमचा विक्री प्रतिनिधी म्हणाला, "सगळं चालते नं भाऊ, उलट जुन्यापेक्षा भन्नाट चालते." तोंडी बोलण्यावर माझा भरवसा कमी, म्हणून मी कोटेशनवर लिहून मागितले. त्याने पेनने 'पीएस३, पीएस४ सर्व गेम्स ओके' असे लिहिले, खाली सही केली आणि शाखेचा शिक्का मारून दिला. त्याची प्रत सोबत जोडली आहे. मी एक डिस्क बरोबर नेली होती. ती डेमोच्या कन्सोलमध्ये घालून बघू द्या म्हटले, तर बाहेरची डिस्क लावायला परवानगी नाही असे उत्तर आले. मुहूर्ताची गर्दी होती, काउंटरवर माणसावर माणूस होता, हे मला दिसत होते. पण शिक्का मारायला जेवढा वेळ लागला, तेवढ्याच वेळात ती डिस्क लावून झाली असती.

घरी आल्यावर पीएस फोरच्या डिस्क लागल्या. पीएस थ्रीची एकही लागली नाही. ही डिस्क वापरता येत नाही, एवढाच संदेश पडद्यावर येतो. लागणारही नव्हतीच. प्लेस्टेशन ५ पीएस थ्रीच्या डिस्क चालवत नाही, हे तो बनवणाऱ्या कंपनीने पहिल्यापासून उघड सांगितलेले आहे. कंपनीने लपवलेले नाही, तुमच्या शाखेने उलटे सांगितले. म्हणून हे पत्र तुम्हाला आहे, त्यांना नाही.

असे का होते, हे तुमच्या हेल्पलाइनवर मी पुन्हा पुन्हा विचारले. "सिस्टिम सपोर्ट करत नाही सर" याच्या पुढे कोणी गेले नाही. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत काम करतो, तेव्हा मीच लिहून देतो. पुढच्या ग्राहकाला सांगायला उपयोगी पडेल. डिस्क दोन्हीकडे ब्लू-रेच असते, त्यामुळे अडचण डिस्कची नाही. २००६ साली आलेल्या पीएस थ्रीमध्ये सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून बनवलेला 'सेल' हा प्रोसेसर होता. एक मुख्य गाभा आणि त्याच्याभोवती आठ छोटे गणक, त्यांतले सात सुरू ठेवलेले. गेम लिहिणाऱ्यांना कामाची वाटणी या छोट्या गणकांवर स्वतःच करावी लागे. २०१३ च्या पीएस फोरमध्ये ही रचना सोडून देऊन एएमडी या कंपनीचा, साध्या संगणकात असतो त्या जातीचा आठ गाभ्यांचा प्रोसेसर घेतला. प्लेस्टेशन ५ मध्येही एएमडीचाच, त्याच घराण्यातला पण कितीतरी वेगवान प्रोसेसर आहे. म्हणून पीएस फोरचे थोडे अपवाद सोडून बाकी सगळे गेम त्यावर चालतात. पीएस थ्रीचा गेम चालवायचा तर सेल प्रोसेसरची अख्खी नक्कल सॉफ्टवेअरमध्ये उभी करावी लागेल, आणि तशी सोय या कन्सोलमध्ये दिलेली नाही.

मग मी हा प्रश्न विचारलाच का, असे तुमच्या शाखा व्यवस्थापकांनी फोनवर मला ऐकवले. विचारण्यासारखा होता म्हणून विचारला. पीएस टूवर पहिल्या प्लेस्टेशनचे गेम चालत. सुरुवातीच्या पीएस थ्रीमध्ये पीएस टूची चिप बसवलेली होती, ती पुढच्या मॉडेलांतून काढून टाकली. म्हणजे एकाच नावाच्या कन्सोलमध्ये अमुक साली चालायचे आणि तमुक साली नाही, असा हा सगळा इतिहास आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या कन्सोलकडे पाहिले तर तिथे २०१५ पासून जुन्या 'एक्सबॉक्स ३६०' च्या डिस्क नव्या यंत्रावर चालू लागल्या. सगळ्या नाहीत, पण शेकडो. 'रेड डेड रिडेम्पशन' हा २०१० चा गेम ज्याच्याकडे ३६० च्या डिस्कवर होता, त्याला तो २०१६ पासून नव्या एक्सबॉक्सवर त्याच डिस्कने खेळता आला. माझ्यासारख्या पीएस थ्रीवाल्याला पीएस फोरसाठीची आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि ती नव्याने विकत घ्यायची होती. असा गुंता असताना ग्राहक दुकानात विचारणार नाही तर कुठे विचारणार? आणि दुकानदाराला माहीत नसेल, तर 'माहीत नाही, विचारून सांगतो' हे उत्तर मी आनंदाने घेतले असते. बिल दुसऱ्या दिवशी केले असते, मुहूर्त गेला असता तरी चालले असते.

खरे नुकसान नवा कन्सोल घेतल्यामुळे झाले नाही, जुना देऊन टाकल्यामुळे झाले. त्या लेखी हमीवर मी पीएस थ्री तुमच्या हवाली केला. मिक्सर घेऊन जायचा आणि भांडी आमच्याकडे ठेवून जायची, असा हा प्रकार आहे. कप्पाभर डिस्क आहेत आणि त्या घालायला घरात यंत्र नाही. त्यात 'अ‍ॅशेस क्रिकेट २००९' आहे, जो पीएस फोरवर कधी आलाच नाही. आमच्याकडे दिवाळीला भाऊ-वहिनी अमरावतीहून आले की रात्री जेवणे आटोपल्यावर तोच लागतो, नवे कितीही आणले तरी. शिवाय यंत्र जमा करताना तुमच्या माणसाने ते माझ्यासमोर पूर्ण पुसून रिकामे केले. वर्षानुवर्षांचे सेव्ह, म्हणजे खेळ कुठपर्यंत आला त्याच्या नोंदी, त्यात होते. ते परत येणार नाहीत, हे मला समजते आणि त्यासाठी मी पैसेही मागत नाही. पण ते पुसले जात असताना मी गप्प उभा राहिलो तो तुमच्या शिक्क्याच्या भरवशावर, एवढे नोंदवून ठेवतो.

आता 'भन्नाट चालते' या भागाबद्दल. शाखेत काचेच्या दारावर मोठे पोस्टर आहे : 'तुमचे जुने गेम, आता ४के आणि ६० एफपीएसमध्ये'. ४के म्हणजे चित्राची जास्त बारकाई, एफपीएस म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रे. फोटो सोबत आहे. हे पीएस फोरच्या गेमपुरते धरले तरी खरे नाही. नवे यंत्र जुन्या गेमला जास्त ताकद देते, पण गेममध्येच सेकंदाला ३० चित्रांची मर्यादा लिहिलेली असेल, तर ती ताकद नुसती पडून राहते. 'ब्लडबोर्न' २०१५ साली १०८० पी (४के पेक्षा कमी बारकाई) आणि ३० एफपीएसवर आला, आणि बनवणाऱ्यांनी त्याला नवी अपडेट दिलेली नसल्याने प्लेस्टेशन ५ वरही तो तसाच चालतो. 'गॉड ऑफ वॉर' (२०१८) ला फेब्रुवारी २०२१ मध्ये अपडेट मिळाली, तो ६० वर छान चालतो. सगळ्यात मजेशीर 'द लास्ट गार्डियन'. त्याची मूळ डिस्क काहीही अपडेट न करता लावली तर ६० मिळतात, आणि शहाण्यासारखी अपडेट केली की तो ३० वर येतो. यावरून तुमच्याही लक्षात यावे की वेग गेमगणिक ठरतो, पोस्टरवरून नाही. जुने गेम सुरू व्हायला पूर्वीपेक्षा खूपच कमी वेळ लागतो, हे मात्र खरे. तेवढे त्यातल्या एसएसडी या वेगवान साठवणीचे श्रेय आहे. पोस्टरवर तेच लिहिले असते तर मला तक्रारीला जागाच नव्हती.

हा वेगाचा प्रश्न घेऊन मी शाखेत गेलो तेव्हा तिथल्या तंत्रज्ञाने आधी उन्हाळ्यावर ढकलले. म्हणे नागपुरात गरमी फार, मशीन तापून स्लो होऊन राहिली. कन्सोलच्या माहितीपुस्तिकेत वापराचे तापमान ५ ते ३५ अंश दिले आहे हे खरे, आणि मे महिन्यात आमच्याकडे कूलर लावूनही खोली त्याच्या वर जाते हेही खरे. पण ३० ची मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती डिसेंबरातही ३० च राहणार. आणि उन्हाने यंत्र बिघडते अशी तुमची खात्रीच असेल, तर ऐन वैशाखात नागपूरच्या भर बाजारात त्याची मुहूर्ताची योजना कशाला लावली? उन्हाचे पटले नाही म्हटल्यावर त्याने टीव्हीला जोडायच्या केबलवर बोट ठेवले आणि एचडीएमआय २.१ ची केबल १,२९९ रुपयांना घ्यायला लावली. तशीच २.१ ची केबल कन्सोलच्या खोक्यात मुळातच येते. दोन्ही केबल लावून पाहिल्या. ब्लडबोर्न जिथे होता तिथेच आहे.

पीएस थ्रीच्या डिस्क लागत नाहीत यावर हेल्पलाइनने एक तोडगा सांगितला : प्लेस्टेशन प्लस या वर्गणीच्या ऑनलाइन सेवेचे सगळ्यात वरचे सदस्यत्व घ्या, पीएस थ्रीचे गेम त्यात मिळतील. पैसे भरण्याआधी मी तपासले. पीएस थ्रीचे गेम क्लाउडवरून स्ट्रीम होतात, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालून इंटरनेटने पडद्यावर येतात, आणि ही सोय काही ठरावीक देशांत आहे. भारतात वरची श्रेणी 'डीलक्स' या नावाने मिळते आणि तिच्यात क्लाउड स्ट्रीमिंगच नाही. म्हणजे मी ऐकले असते तर वर्षाची वर्गणीही पाण्यात गेली असती. समजा सोय असती, तरी माझ्या हातातली विकत घेतलेली डिस्क तिथे कोणी विचारत नाही. विकणाऱ्याला आपण काय विकतो हे माहीत नसावे याचे मला आता आश्चर्य वाटत नाही, पण तक्रार आल्यावरही कोणी वाचून पाहू नये याचे वाटते.

मे महिन्यात केलेल्या ईमेलला तुमच्याकडून आलेले उत्तर दोन ओळींचे आहे. 'एक्स्चेंजमध्ये जमा केलेले उपकरण धोरणानुसार परत करता येत नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' कोटेशनवरच्या लेखी हमीचा त्यात उल्लेखही नाही, जरी मी प्रत जोडली होती.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. वस्तूबद्दल तोंडी, लेखी किंवा दिसेल अशा रीतीने खोटी माहिती देणे त्यात येते. माझ्या बाबतीत तिन्ही झाले : काउंटरवर बोलून, कोटेशनवर लिहून आणि दारावर पोस्टर लावून. तुमचे अंतर्गत धोरण काहीही असो, ते या कायद्याच्या वर नाही.

नवा कन्सोल मला परत करायचा नाही. तो चांगला आहे आणि पीएस फोरसाठी मला हवाच आहे. मला माझा पीएस थ्री परत हवा. तो तुमच्या गोदामात असेल तर तोच द्या, विकला गेला असेल तर चालू स्थितीतला तसाच दुसरा द्या, दोन्ही कंट्रोलर आणि वायरींसह. त्याचे धरलेले दीड हजार मी त्याच वेळी रोख परत देईन. केबलचे १,२९९ रुपये परत करा, केबल घेऊन जा. आणि ते पोस्टर काढा. त्याच्याखाली उभा राहून आणखी कोणीतरी आपला जुना कन्सोल तुमच्या हातात देत असेल. ज्या मुलाने कोटेशनवर लिहिले त्याच्यावर कारवाई करा असे मी म्हणत नाही. त्याला कोणी शिकवलेच नसावे, आणि टार्गेट त्याने स्वतः ठरवलेले नसणार. शिकवायची जबाबदारी तुमची होती.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि नंतर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, तेव्हा यायचे झाल्यास तुम्हाला मुंबईहून इकडे यावे लागेल. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे मला घाई नाही.

यंत्र घरपोच पाठवणार असाल तर संध्याकाळी सहानंतर पाठवा. येणाऱ्या माणसासमोर मी एक डिस्क लावून पाहीन आणि मगच पोचपावतीवर सही करीन.

आपला ग्राहक
(नाव, पत्ता व मोबाईल क्रमांक सोबतच्या बिलाप्रमाणे)

सोबत : बिल, शिक्क्यासह कोटेशन, एक्स्चेंज पावती, केबलचे बिल, पोस्टरचा फोटो आणि तुमच्या ईमेलची प्रत