सही करण्याआधी

प्रिय मुक्ता,

तुझा मेल आणि सोबतचा म्युझिक कंपनीचा करार मिळाला. चार गाण्यांचे मिळून एकरकमी 60,000 रुपये, म्हणजे रेकॉर्डिंगचा खर्च सुटतो आणि वर थोडे हातात राहतात. शिवाय त्यांच्या चॅनलवर गाणी गेली की ऐकणारे मिळतील. तुझा कल सही करण्याकडे आहे, हे वाचतानाच कळलं. मला वाटतं, तू सही करू नयेस. निदान आहे त्या कागदावर तरी नको. फोनवर सांगत बसले असते तर निम्मं राहून गेलं असतं, म्हणून लिहायला बसले.

कराराचं चौथं कलम काढून समोर ठेव. त्यातलं ते लांबलचक इंग्रजी वाक्य मराठीत सांगायचं तर असं: गीत, संगीत, गायन आणि ध्वनिमुद्रण यांतले सगळे हक्क, आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत, साऱ्या जगासाठी, कायमचे. अगं, या एका वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या माणसांच्या आहेत. पहिल्या तीन गाण्यांचे शब्द आपल्या कवी सरांचे आहेत. चाल तुझी आहे. गायलीस तू, पण ढोलकी आणि बासरी ज्यांनी वाजवली त्यांचा त्यांच्या वादनावर कलाकार म्हणून हक्क आहे. आणि मास्टर, म्हणजे ध्वनिमुद्रण, कायद्याने निर्मात्याचं असतं. ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो निर्माता. स्टुडिओचं भाडं तू भरलंस, वादकांचे पैसे तू दिलेस, सगळ्यांच्या तारखा तू जुळवल्यास. निर्माती तू आहेस. कागदावर तसं कुठेच लिहिलेलं नाही, हे मला सगळ्यात आधी खटकलं. आणि सरांनी तुला लेखी काही दिलेलं नसताना त्यांचे शब्द तू परस्पर कंपनीला देऊ शकत नाहीस. त्यांना तर या कराराची कल्पनाही नसेल.

'कायमचे' हा शब्द किती लांबचा आहे ते बघ. ध्वनिमुद्रणाचा हक्क गाणं प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. शब्दांचा आणि चालीचा तर कवी-संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर आणखी 60 वर्षं. या गाण्यांचं मास्टर मोकळं होईल तेव्हा आपण दोघींनी नव्वदी पार केलेली असेल, आणि तुझी चाल मोकळी होईल ती आपल्या नातवंडांच्या काळात. एवढ्या मोठ्या काळाची किंमत कुणी आज 60,000 ठरवत असेल, तर ती त्याच्या सोयीची आहे, तुझ्या नाही.

आपल्या कॉपीराइट कायद्यात यावर चांगल्या तरतुदी आहेत, फक्त त्या कुणी आपल्याला सांगत नाही. कलम 19 म्हणतं की हक्क द्यायचे तर लेखी द्यायचे, कोणते हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला काय, हे त्यात असलं पाहिजे. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरायची. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत तर ते परत येतात, मात्र करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. तुझ्या मसुद्यात शेवटून दुसऱ्या पानावर एक छोटंसं वाक्य आहे, की कलम 19 मधल्या या तरतुदी लागू होणार नाहीत. ते वाक्य तिथे सहज आलेलं नाही. म्हणजे उद्या त्यांनी गाणी घेतली, कपाटात ठेवली आणि प्रसिद्धच केली नाहीत, तरी तुला ती परत मिळणार नाहीत.

2012 च्या दुरुस्तीने मात्र एक गोष्ट अशी दिली की ती कुणी आपल्याकडून लिहून घेऊ शकत नाही. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे सदस्यांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला देता येतो, कंपनीला नाही, आणि करारात उलट लिहिलं असेल तर ते रद्दबातल ठरतं. जावेद अख्तरांनी राज्यसभेत यासाठी किती किल्ला लढवला ते तुला आठवत असेल. गायकांना रॉयल्टीचा हक्क स्पष्टपणे मिळाला तोही त्याच दुरुस्तीने. साठच्या दशकात लताबाई आणि रफीसाहेबांचं याच प्रश्नावरून बिनसलं होतं. लताबाईंचं म्हणणं की गायकाला रॉयल्टी मिळाली पाहिजे, रफीसाहेबांचं म्हणणं की गाण्याचे पैसे मिळाले, तिथे विषय संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. ज्यासाठी लताबाईंसारख्यांना भांडावं लागलं, ते आज आपल्याला कायद्याने आहे. पण हेही सांगते की नुसत्या कायद्याच्या भरवशावर राहू नकोस. कंपनीने हिशेबच दाखवला नाही तर निम्मा वाटा कशातला मागणार? तुझ्या मसुद्यात हिशेब देण्याबद्दल एक ओळही नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं, त्यांना सरळ नाही म्हणू नकोस, उलट प्रस्ताव पाठव. तुमच्या मामांनी गगनबावड्याची जमीन विकली नाही, खंडाने दिली, तसं. मालकी तुझी, वापर त्यांचा, ठराविक काळ. तीन वर्षांचा परवाना दे, फार तर पाच. त्या काळात त्यांचं चॅनल आणि ऑडिओ प्लॅटफॉर्म त्यांचे. येणाऱ्या पैशात तुझा वाटा ठरलेला असू दे आणि दर तीन महिन्यांनी लेखी हिशेब येऊ दे. सहा महिन्यांत गाणं आलं नाही तर हक्क आपोआप परत. जाहिरातीत किंवा निवडणुकीच्या प्रचारात गाणं वापरायचं तर तुझी आणि सरांची लेखी परवानगी, दर वेळी. हे शेवटचं अजिबात सोडू नकोस. आपल्याकडे निवडणूक लागली की लोकप्रिय चालींवर उमेदवारांची नावं बसवून रिक्षातून फिरवतात. सरांच्या त्या ओव्यांच्या चालीवर कुणाचं तरी चिन्ह ऐकायची वेळ येऊ नये, एवढं मला मनापासून वाटतं. ते 60,000 त्यांना द्यायचेच असतील तर आगाऊ रक्कम म्हणून देऊ देत, तुझ्या वाट्यातून वळती होतील. नाहीच म्हणाले तर नाही. गाणी तुझीच राहतील आणि तू ती स्वतः आणशील.

स्वतः आणणं आता अवघड राहिलेलं नाही. ट्यूनकोर, डिस्ट्रोकिड, सीडी बेबी या ऑनलाइन वितरकांपैकी कुणाकडूनही गाणं सगळ्या ऑडिओ प्लॅटफॉर्मवर जातं. कुणी वर्षाचे पैसे घेतं, कुणी गाण्यामागे, कुणी उत्पन्नातला टक्का. वर्षाची फी असेल तर ती थांबल्यावर गाणी खाली उतरतात का, एवढं आधी वाच. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा 12 अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. तो एका वहीत लिहून ठेव. उद्या वितरक बदललास तर तोच क्रमांक पुन्हा द्यायचा, म्हणजे तोवर ऐकल्याची संख्या हातची जात नाही. नावांची स्पेलिंग एकदा ठरव आणि सगळीकडे तीच ठेव. सरांचं नाव एका गाण्यात आद्याक्षरांनी आणि दुसऱ्यात पूर्ण, असं झालं तर यंत्राला ते दोन कवी वाटतात.

पण वितरकाकडून येतात ते फक्त मास्टरचे पैसे, हे लक्षात ठेव. शब्द आणि चालीचे पैसे दुसऱ्या वाटेने येतात, ती वाट म्हणजे आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी). ही संस्था 1969 पासूनची, 2017 साली तिची कॉपीराइट सोसायटी म्हणून पुन्हा नोंदणी झाली. स्ट्रीमिंगवाले, हॉटेलं, कार्यक्रमांचे आयोजक यांच्याकडून ती गोळा करते आणि गीतकार-संगीतकारांना वाटते. पण सदस्य नसशील आणि गाणं नोंदवलेलं नसेल तर तुझ्या नावाने काही येणार नाही. तू आणि सर, दोघांनीही कुठल्याही कंपनीच्या करारावर सही करण्याआधी सदस्य व्हा. कारण सदस्य होताना आपण ते हक्क सोसायटीकडे देतो, आणि मग कंपनीला स्पष्ट सांगता येतं की हा भाग आमच्या हातात नाही, करारात तसा उल्लेख करा.

पैसे किती येतील, हे खरं खरं सांगते. माझ्या वादनाच्या तुकड्यांचा अहवाल येतो ती एक लांबच लांब एक्सेल शीट असते. एका ओळीत जर्मनी, तीन वेळा ऐकलं, पुढे शून्यानंतरचे आकडे. पुढच्या ओळीत भारत, कितीतरी जास्त वेळा ऐकलं आणि रक्कम त्याच्या आसपासच. कारण एका वेळेला इतके पैसे असा दर नसतोच. त्या देशातल्या जाहिराती आणि वर्गणीचा एक गल्ला होतो आणि त्यातून ऐकल्याच्या प्रमाणात वाटणी होते. आपल्याकडे वर्गणी स्वस्त आणि फुकट ऐकणारे फार, म्हणून गल्लाच लहान. स्पॉटिफायने 2024 पासून तर आधीच्या 12 महिन्यांत 1,000 वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला त्या गल्ल्यातून काहीच द्यायचं नाही असं ठरवलंय. छोट्यांवर हा सरळ अन्याय आहे असं माझं मत आहे. या धसक्याने 'तुमचं गाणं प्लेलिस्टमध्ये टाकतो, इतक्या हजारांत इतके लाख प्ले' असे मेसेज करणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नकोस. ती ऐकणारी माणसं नसतात. पकडलं गेलं की वितरकाला दंड होतो, तो तुझ्या माथी येतो आणि गाणं उतरवलं जातं.

चौथ्या गाण्याबद्दल एक स्वतंत्र गोष्ट. अभंग तुकोबांचा आहे, शब्दांवर आज कुणाचाच हक्क नाही, त्यामुळे ते खुशाल गा. पण धृपदाची उठावणी ऐकताना मला जुन्या प्रसिद्ध चालीची सावली जाणवली. चालीला स्वतंत्र हक्क असतो. संगीतकार श्रीनिवास खळ्यांचंच बघ, ते 2011 साली गेले, म्हणजे त्यांच्या चाली 2071 संपेपर्यंत संरक्षित आहेत. तुझ्या कानात लहानपणापासून जे आहे ते नकळत आलं असणार, पण यूट्यूबवर दावा लागला तर ते सिद्ध करत बसावं लागेल. ती ओळ मध्यमावरून न उचलता पंचमावरून उचलून बघ, मला तर ती जास्त तुझी वाटेल.

आता कार्यक्रमांचं. आपल्यासारख्यांचं घर खरं तर यावरच चालतं, आणि इथेच आपण सगळ्यात जास्त संकोच करतो. नारायणगावला पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. तिथे तारीख, रक्कम, इसार, सगळं ठरतं आणि कागद होतो. फडमालकाला त्यात संकोच वाटत नाही, कारण त्याच्यामागे अख्ख्या फडाचं पोट असतं. तुझ्यामागेही चार वादक आहेत. तारीख पक्की करायची तर निम्मे पैसे आधी घे. साउंड कुणाचा, गाडी कुणाची, जेवण-राहणं कुणाचं आणि कार्यक्रम रद्द झाला तर काय, एवढं मेलवर लिहून घे. रेकॉर्डिंग करून चॅनलवर टाकणार असतील तर त्याचेही वेगळे बोल.

आयोजक बऱ्याचदा 10 टक्के टीडीएस कापतात. तो आयकराच्या पोर्टलवर तुझ्या पॅनसमोर दिसतोय ना, हे दर तिमाहीला बघत जा. माझ्या एका आयोजकाने पैसे कापले आणि सरकारजमा केलेच नव्हते, पोर्टलवर पाहिलं म्हणून कळलं आणि पाठपुरावा करता आला. उत्पन्न कमी असलं तरी विवरणपत्र भर, कापलेले पैसे परत मिळतात. जीएसटीचं फारसं टेन्शन घेऊ नकोस. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेतो नोंदणी लागत नाही, आणि शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाला दीड लाखापर्यंतच्या मानधनावर तशीही सूट आहे. तुझे भारूड-ओव्यांचे कार्यक्रम त्यात बसावेत, पण बिलावर नुसतं 'म्युझिक शो' न लिहिता 'लोकसंगीत सादरीकरण' असं लिही आणि सीएला एकदा विचारून घे.

राहिला वाटणीचा कागद. साधा, एक पानाचा. गाण्याचं नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, टक्के किती, मास्टर कुणाचं. वादकांची नावं, त्यांना दिलेली रक्कम आणि रेकॉर्डिंग वापरायला त्यांची संमती. माझ्या संयोजनाचे तू पैसे दिलेस, मला चालीत वाटा नको, तसं त्यावर स्पष्ट लिही, मी सही करते. पण बासरीच्या त्या दुसऱ्या गाण्याचा विचार कर. अंतऱ्याआधीची धून बासरीवाल्याने जागच्या जागी सुचवली होती आणि गाणं आता त्या धूनीवरच ओळखलं जाईल. मला वाटतं त्याला चालीत थोडा टक्का द्यावास. आणि ढोलकीवाल्या काकांचे दुसऱ्या दिवसाचे पैसे अजून बाकी आहेत असं ते परवा बोलता बोलता म्हणाले. करार होवो न होवो, ते या आठवड्यात पाठव.

सरांकडे रविवारी जाऊन ये. त्यांचं पॅनकार्ड, बँकेचं पासबुक आणि तिन्ही कवितांच्या छापील प्रती घे, आयपीआरएसचा फॉर्म ऑनलाइन आहे, तूच भरून दे, त्यांना ते स्क्रीनवर जमणार नाही. कंपनीला पाठवायच्या उत्तराचा कच्चा मसुदा मी उद्यापर्यंत लिहून पाठवते. त्यांनी घाई केली तर वकिलाला दाखवून आठ दिवसांत कळवते, एवढंच सांग. आईंना नमस्कार.

तुझी,
वैदेही