मुम्मू, साडी अजून जमिनीवरच आहे

प्रिय मुम्मू,

मराठीत पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले, तू म्हणू की तुम्ही? इंग्रजीत आपलं सगळं यू-यू वर भागलं त्यामुळे हा प्रश्न कधी आलाच नाही. पण मुम्मू म्हणजे फिन्निशमध्ये आजीच, आणि माझ्या सख्ख्या आजीला मी जन्मभर अगंतुगंच करत आले, तेव्हा तुलाही तूच.

यातलं एक अक्षर तुला वाचता येणार नाही माहितीये, शनिवारी येऊन वाचून दाखवते. पण लिहायचं होतं मराठीतच आणि सगळ्यांसमोर, कारण आमच्या इचलकरंजीच्या अख्ख्या खानदानाला दोन वर्षं एकच प्रश्न पडलाय की ही पोरगी त्या बर्फात दिवसभर करते काय. तर मंडळी, वाचा आता.

आधी जागा सांगते. मिशिगनच्या नकाशात अगदी वर, लेक सुपिरियरमध्ये बोट घातल्यासारखा जो जमिनीचा तुकडा दिसतो ना, तो किविनॉ. अलीकडे हॉटन, तिथे मिशिगन टेक, तिथे माझ्या नवऱ्याची पीएचडी. पलीकडे हँकॉक, मध्ये कालवा आणि त्यावर १९५९ चा पूल, बोट आली की त्याचा मधला भाग लिफ्टसारखा सरळ वर जातो. बर्फाचं म्हणाल तर १९७८-७९ च्या हिवाळ्यात इथे ३९०.४ इंच पडला होता, म्हणजे बत्तीस फुटांच्या वर, आणि हायवेच्या कडेला त्याची एक उंचच्या उंच मोजपट्टी उभी करून ठेवलीये. मी आले तेव्हा एफ-टू व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची नाही, कार नाही, नवरा सकाळी लॅबमध्ये गेला की रात्री परत, आणि मी खिडकीशी. दुपारी साडेचारला दिवे लावायचे आणि मग रडायचं, असा साधारण दिनक्रम.

त्या डिसेंबरात मी पूल चालत ओलांडून हँकॉकला का गेले ते मलाच आठवत नाही. बहुतेक घरात बसवेना. तिथे रस्त्यांच्या पाट्यांवर इंग्रजीखाली फिन्निश नावं बघून मी चाटच पडले. जुन्या कॅथलिक चर्चच्या इमारतीत फिन्निश अमेरिकन हेरिटेज सेंटर आहे, मी आत शिरले ती फक्त हात शेकायला, आणि आत फोक स्कूलचा, म्हणजे लोककला शिकवणाऱ्या शाळेचा, हिम्मेलीचा क्लास चालू होता. म्हणजे रायच्या काड्या दोऱ्यात ओवून छताला टांगायचं झुंबर करायचं. (राय म्हणजे धान्य हं, मोहरी नाही, मी पण पहिल्यांदा फसले होते.) मी दारातून बघत होते तर तू वर न बघताच बाजूची खुर्ची पायाने सरकवलीस आणि माझ्यापुढे मूठभर काड्या ठेवल्यास. कुठून आलीस, काय करतेस, इथलं हवामान कसं वाटतं, काही नाही. दीड तासात तू मला एकूण चार वाक्यं बोलली असशील आणि त्यातलं एक होतं, ती काडी फुटलीये, दुसरी घे.

मुम्मू, तुला खरं सांगू का, तोपर्यंत सगळे मला धीर देत होते. होईल सवय, योगा कर, मेडिटेशन कर, ऑनलाइन कोर्स कर. तू पहिली होतीस जिने मला काम दिलं.

पुढच्या शनिवारी तू गाडी घेऊन आमच्या दारात. मी म्हटलं फी किती असते, तर म्हणालीस ताणा लावायला मला आणखी दोन हात लागतात, तू ते दे. आणि तुझ्या तळघरात उतरले तर समोर माग. हातमाग, लाकडी, एका खोलीएवढा. आता हिला काय सांगू, मी इचलकरंजीची! आमच्या गावात १९०४ पासून यंत्रमाग आहेत, माझा बाप पस्तीस वर्षं जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आमच्या गल्लीत रात्रीही खडखड थांबली तर लोक दचकून जागे व्हायचे, लाइट गेली का म्हणून. आणि मी मात्र त्या आवाजापासून लांब जायचं म्हणूनच शिकले. बारावीनंतर मी कारखान्यात पाय ठेवला नव्हता. सात समुद्र ओलांडून शेवटी काय, परत ताणा-बाणाच.

तुझ्या मागावर व्हायच्या त्या रासूमात्तो, चिंध्यांच्या सतरंज्या. जुने शर्ट, चादरी, परकर फाडून पट्ट्या करायच्या, टोकाला टोक शिवून गोळे करायचे आणि सुती ताण्यात त्या आडव्या विणायच्या. तू म्हणायचीस तुमच्या बायकांनी फिनलंडहून येताना ही विद्या आणली. पुरुष तांब्याच्या खाणीत, १८६० च्या दशकापासून येत गेलेले, आणि खाणीतले कपडे फाटले की ते इथे मागावर. एकदा तू मला कॅल्युमेटला नेलंस, इटालियन हॉलची कमान उभी आहे तिथे. १९१३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, खाणीचा संप चालू असताना, संपकऱ्यांच्या मुलांची पार्टी होती, कुणीतरी आग आग ओरडलं आणि जिन्यात चेंगरून ७३ माणसं गेली, बहुतेक फिन्निश, बहुतेक लहान मुलं. आग नव्हतीच. तू गाडीतून उतरली नाहीस. मी एकटीच कमानीपर्यंत जाऊन आले आणि परतताना आपण दोघी एक शब्द बोललो नाही.

बरं, आता बाबांची गोष्ट, ही इथे लिहिलीच पाहिजे. माझी पहिली सतरंजी वीतभर झाली आणि मधोमध एक उभी रेघ दिसायला लागली. तू चष्मा वर-खाली करून बघितलंस, मी बघितलं, काय कळेना. मी सहज बाबांना व्हिडिओ कॉल लावला, तिकडे रात्रीचे साडेदहा, बाबा बनियनवर. म्हणाले फोन फणीजवळ ने. अजून जवळ. आणि मग, "अगं, दोन तारा एकाच फटीतनं काढल्यात बघ, डावीकडनं मोज, वहीत बरोबर हाय, फणीत चुकलंय." मी मोजलं, आणि बरोब्बर तिथेच! आमच्याकडे या वहिफणीच्या कामाची (वही म्हणजे ताण्याच्या तारा वर-खाली करणारी दोऱ्यांची चौकट, फणी म्हणजे त्या नीट अंतरावर ठेवणारा कंगवा) वेगळी माणसं असतात, हजारो तारा एकेक करून ओवतात, आणि बाबांनी आठ हजार मैलांवरून फोनच्या काचेतून दोन तारा पकडल्या. तू काय केलंस, तर फोन माझ्या हातातून घेतलास, कॅमेऱ्यात तोंड घालून म्हणालीस, "नो नीन." बाबा म्हणाले, "व्हय." आणि तुमच्यात सगळं बोलणं झालं.

(नो नीन म्हणजे काय असं मला घरचे विचारतात. आपलं "बरं" असतं ना, बरं चला, बरं झालं, बरं मग, बरं बघतेच तुझ्याकडे, ते सगळं. सुरावर आहे.)

मग वीतभर विणलेलं सगळं उलगडलं, परत ओवलं. तू मदत केली नाहीस, कॉफी पीत बसलीस. राग आला होता तेव्हा, आज इथे सांगून टाकते.

साड्यांचा सीन त्यानंतरचा. आईच्या जुन्या सुती साड्या मामेभावाबरोबर आल्या, आईला वाटलं मी गोधडी शिवणार. मी सांगितलं सतरंजी, जमिनीवर टाकायची. मग काय विचारता. "साडी पायाखाली? अगं नेसलेलं लुगडं आहे ते, अंगावर घ्यायचं की त्याच्यावर पाय द्यायचा?" आठ दिवस फोन नीट नाही. तुला सांगितलं तर तुला प्रश्नच कळला नाही, तू म्हणालीस माझ्या स्वयंपाकघरातली सतरंजी माझ्या नवऱ्याच्या शर्टांची आहे, तो गेल्यापासून रोज सकाळी उठून आधी मी त्याच्यावर उभी राहते, पाय गरम राहतात. यावर मी आईला काय आणि कसं सांगणार होते? सांगितलंच नाही. साडी फाडली. सुती साडी लांबीत फाडताना जो चर्र आवाज येतो तो ऐकून मात्र माझ्याच पोटात गोळा आला, तेव्हा तू दुसरं टोक धरून उभी होतीस आणि माझ्याकडे न बघता ओढत होतीस.

बाकीचं भरभर सांगते नाहीतर हे पत्र संपायचं नाही. तुझा तो वेलदोड्याचा गोड वेणीपाव, ज्याला फिनलंडमध्ये पुल्ला म्हणतात आणि इथली म्हातारी माणसं निसू. निसू हा गव्हाचा जुना शब्द, तिकडच्यांच्या बोलण्यातून गेला, इथे टिकला. मी तुला सांगितलं की आमचीही काही माणसं तंजावरला गेली आणि आमच्याकडून गेलेले शब्द त्यांच्या घरात राहिले. वेलदोड्याला तुम्ही म्हणता कार्देमुम्मा. त्यात मुम्मा आहेच! तू डबीतली तयार पूड घालायचीस, वास उडून गेलेली, मी इचलकरंजीहून आलेले हिरवे वेलदोडे खलबत्त्यात कुटून दिले तर तू वास घेऊन दोन मिनिटं गप्प, आणि मग "नो नीन". त्या दिवसापासून कुटायचं काम माझं. आणि ते दाताखाली चुईचुई वाजणारं भाजलेलं चीज, तुम्ही ज्याला यूस्तोआ म्हणता, ते मुळात गाय व्यायल्यानंतरच्या चिकाचं करायचे हे कळल्यावर मी ओरडलेच, अगं हा तर खरवस! आमचा गुळाचा आणि हलणारा, तुमचा भाजलेला आणि कॉफीत बुडवायचा, एवढाच फरक.

सौनाबद्दल, म्हणजे तुमच्या वाफेच्या अंघोळीबद्दल, इथे जास्त लिहिता येणार नाही, सासरचे लोक वाचतात. एवढंच की सॉना नाही, सौना, आणि मी पहिल्यांदा पायघोळ गाऊन घालून आत आले तेव्हा तू हसली नाहीस याबद्दल वेगळे आभार. तू फक्त म्हणालीस, तुला फार गरम होईल. झालं.

जानेवारीतला हेइकिनपाइवा तर आमच्या घरात आता संक्रांतीचाच जोडसण झालाय. संत हेन्रिकचा दिवस १९ तारखेचा, हँकॉकमध्ये १९९९ पासून त्याच सुमाराला जत्रा भरते, अस्वलाची सोंगं घेतलेली मिरवणूक, बाजार, कालव्याच्या गोठलेल्या पाण्यात उड्या. तुमची म्हण, की या दिवशी अस्वल झोपेतच कूस बदलतं, म्हणजे अर्धा हिवाळा सरला. आणि दुसरी, हेइक्की (म्हणजे तोच हेन्रिक) गवत वाटतो, गोठ्यातला अर्धा चारा अजून शिल्लक पाहिजे नाहीतर गुरं उन्हाळ्यापर्यंत टिकायची नाहीत. मी तिळगूळ घेऊन आले होते, बाजारातल्या तुझ्या टेबलवर सतरंज्यांशेजारी वाटले, गोड बोला हे इंग्रजीत सांगायला गेले तर फारच उपदेशासारखं वाटलं म्हणून नुसतेच वाटले. बायकोला खांद्यावर घेऊन पळायच्या शर्यतीत माझ्या नवऱ्याने, कोल्हापूरचा असल्यामुळे, नाव दिलं. दहा पावलांत मी तोंडावर बर्फात. तुझा हसून हसून दम लागला, तुला तसं हसताना मी तेवढंच एकदा पाहिलंय.

२८ फेब्रुवारीला कालेवालाच्या दिवशी तुम्ही जमता, १८३५ साली लोनरोटने फिनलंडच्या त्या महाकाव्याच्या प्रस्तावनेखाली ही तारीख घालून सही केली त्याची आठवण. कुणीतरी पाच तारांची कांतेले वाजवली, एकीने ओळ म्हणायची, दुसरीने तीच उचलायची. मी मागे बसले होते. तू मला कोपराने ढोसलंस, तुमच्याकडे काय आहे? मी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, आजीच्या, मला दोनच येतात, आणि दुसरीची शेवटची ओळ मी विसरले. तू तीच आधीची ओळ परत उचललीस, मराठीत, उच्चारांची पार वाट लावून. मला नीट धन्यवादही म्हणता आलं नव्हतं तेव्हा. आपल्याकडे घरच्यांचे आभार मानले तर उलट त्यांना राग येतो, म्हणून राहून गेलं, आणि किइतोस म्हटलं की तू हात उडवतेस.

तू सांगितलं होतंस, १८९६ चं तुमचं सुओमी कॉलेज, नंतरची फिनलंडिया युनिव्हर्सिटी, २०२३ मध्ये बंद झाली तेव्हा सेंटरचं काय होणार म्हणून तुम्हा सगळ्यांना झोप नव्हती, आणि मग फिनलंडिया फाउंडेशन नॅशनलने ते वाचवलं. ते वाचलं नसतं तर मी त्या डिसेंबरात पूल ओलांडून कुठे शिरले असते, हा विचार मी करतच नाही.

तर आता बातमी. नवऱ्याची पीएचडी झाली, नोकरी टेक्सासला, जूनमध्ये निघतोय. युहान्नुसची, म्हणजे तुमच्या जूनमधल्या मध्य-उन्हाळ्याच्या सणाची, होळी या वर्षी चुकणार. तुला हे तोंडी सांगायचं धाडस झालं नाही म्हणून एवढं लांबण लावलं, शनिवारी वाचून दाखवताना इथपर्यंत आले की तू वर बघू नकोस, काम करत राहा.

आईच्या साड्यांची सतरंजी अजून जमिनीवरच आहे, पलंगाशेजारी, माझ्या बाजूला. आईचा व्हिडिओ कॉल आला की उचलून खुर्चीच्या पाठीवर टाकते. तुझ्या मागावर मी लावलेला ताणा अर्धा शिल्लक आहे, कापू नकोस, अजून तीन सतरंज्या आरामात निघतील. दारात कुणी हात शेकायला येऊन उभं राहिलं तर तिला बसव. फणी बाबांनी परवा फोनवरून तपासलीये, बरोबर आहे.

तुझी,
शनिवारचे दोन हात